फुंकर

तापकीर गल्लीत, जिन्याखालच्या गाळ्यात
सुधाकर ढमढेरे माझ्या टीव्ही गेमकडे असे पाहतात
जसा दाताचा डॉक्टर पाहतो
रोज चिक्की खाणाऱ्या पोराकडे.
"कोण फुंकत होतं?"

कोण नव्हतं फुंकत, काका!
धनकवडीच्या दोन खोल्यांत
मी, निरंजन, वरच्या मजल्यावरची तस्लीम
आणि शिळीमकरांचा बाळ्या, ज्याची फुंकर
हमखास लागू पडायची,
म्हणून तो खाली गोट्या खेळत असला तरी
खिडकीतून हाका मारायचो.
यायचा. हात चड्डीला पुसायचा.
कॅसेट ओठांशी धरायचा, बासरी धरतात तशी,
डावीकडून उजवीकडे, एकच,
फार जोरात नाही.
मग खटका, मग मुंग्या,
मग मुंग्यांतून निळं आकाश.

बाबांनी बोनसातून आणलेला.
तेव्हा पांढराशुभ्र होता,
आता चहा सांडलेल्या सदऱ्यासारखा.
कॅसेटवर छापलं होतं : नऊ लाख नव्व्याण्णव हजार खेळ.
होते सतरा.
बाकी तेच, नाव बदललेले,
एखाद्यात ढग नाहीत, एखादा सुरूच मधून होणारा.
तरी आम्ही अख्खा मे मोजत बसलो,
दोनशे अकरापर्यंत.
गुरुवारी लाइट जायची
तेव्हा काळ्या पडद्यासमोर बसून
तोंडाने आवाज काढत खेळायचो.
निरंजन त्यातही हरला की रडायचा.

ढमढेरे झाकण उघडतात.
आत वाळलेलं झुरळ, शेंगदाण्याचं साल,
आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्सची चौघडी,
कॅसेट हलू नये म्हणून फटीत कोंबलेली.
"ही दुरुस्ती कुणाची?"
पहिल्यांदाच आवाजात जरा आदर.
"भावाची. आठवीत होता."
"हं."

मग डोळ्याला भिंग.
"हे हिरवं दिसतंय? कळकलंय सगळं,
पितळेत दही ठेवल्यासारखं.
तुमच्याच तोंडची वाफ आहे ही, तीस वर्षं मुरलेली.
अहो, फुंकर जखमेवर घालायची.
पिनांवर नाही."

कान कोरायची काडी स्पिरिटमध्ये बुडवून
ते एकेक पिन पुसत जातात.
कापूस काळपट हिरवा होतो.
यात बाळ्याचा वाटा केवढा असेल,
निरंजनचा केवढा.
तस्लीमला दमा होता.
तिची पाळी आली की आम्ही कॅसेट तिच्या हातात द्यायचो
आणि तिची फुंकर संपेपर्यंत
उगाच दुसरीकडे बघायचो.
काडी टोपलीत पडते.
ते दुसरी घेतात.

बंदूक मात्र परत करतात.
"हिला काही झालेलं नाही.
पण तुमचा तो भिंतीवरचा चपटा टीव्ही
हिला दिसतच नाही. हिला डबाच लागतो."
त्यांच्या मागे, फडताळात, एक डबा आहे,
वर अगरबत्तीचं घर.
"विकणार?"
"नाही."

दोन कंडेन्सर, पिना, साफसफाई : साडेतीनशे.
"गॅरंटी मागू नका, माझीच संपत आलीय.
आणि पुन्हा फुंकायचं नाही. काय?"
मी मान डोलावते.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर आठवतं
हेल्मेट काउंटरवरच राहिलं.
वळते.
ढमढेरे पाठमोरे,
हातात दुसऱ्याच कुणाची तरी कॅसेट,
समोर डब्यावर मुंग्या.
एकदा जिन्याकडे बघतात,
एकदा शेजारच्या वायरवाल्याकडे,
आणि मग, डावीकडून उजवीकडे,
फार जोरात नाही.

मी तशीच मागे फिरते.
हेल्मेटवाचून
पुण्यात कुणाचं अडलंय.